गाडीची वाट पाहणारे रूळ

रोज गाडी धावते त्या रुळाचा माथा लख्ख असतो. काही दिवस वाहतूक थांबली आणि त्यात पाऊस झाला, की त्यावर तांबूस थर चढतो. थर अगदी पातळ, पण सिग्नलला चकवायला पुरेसा. ट्रॅक सर्किट असलेल्या मार्गावर रुळांतून हलका वीजप्रवाह खेळवलेला असतो. गाडीची चाकं आणि आस तो एका रुळातून दुसऱ्यात वळवतात, तेव्हा यंत्रणेला कळतं की इथे गाडी आहे. मध्ये गंज आला तर गाडी उभी असूनही मार्ग मोकळा दिसू शकतो.

‘बांधून ठेवा, आज ना उद्या कामाला येईल’ या आपल्या लाडक्या समजुतीची गोची इथेच होते.

नवी मुंबईची पहिली मेट्रो घ्या. बेलापूर ते पेंधर, 11.1 किलोमीटर, 11 स्थानकं. सिडकोने 2011 मध्ये भूमिपूजन केलं, 2021 मध्ये चाचण्या झाल्या आणि प्रवासी चढले ते 17 नोव्हेंबर 2023 रोजी. मधली कितीतरी वर्षं वर रिकामा पूल आणि खाली रिक्षाच्या रांगेत उभे प्रवासी, असा प्रकार होता. पुलाच्या काँक्रीटचं एक वेळ ठीक आहे. ताज्या काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे आतल्या सळईवर संरक्षक पापुद्रा असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड ती अल्कली हळूहळू मारतो, खाडीच्या हवेतलं मीठ तो पापुद्राच फोडतं. पण आवरण नीट असेल तर या साऱ्याला दशकं लागतात.

यंत्रांना एवढा धीर नसतो. चार्ज न होता पडलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. सर्किटातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर वीज मिळाली नाही तर बिघडू लागतो. सरकत्या जिन्याचं वंगण घट्ट होतं, रबरी सील कडक होऊन चिरतात. त्यात वॉरंटीचं घड्याळ उद्घाटनासाठी थांबत नाही.

टोरंटोत हे जरा शहाणपणाने झालं. डॉन नदीच्या दरीवरचा ब्लूअर व्हायाडक्ट 1918 मध्ये खुला झाला, तेव्हा भुयारी रेल्वेचा पत्ता नव्हता. तरीही पुलाखाली तिच्यासाठी मजला ठेवला गेला. तिथून गाडी धावली 1966 मध्ये, तब्बल 48 वर्षांनी! मधल्या काळात बिघडायला तिथे यंत्रं नव्हतीच, होतं ते पोलाद, काँक्रीट आणि जागा. अर्थात प्रत्येक पैज जिंकत नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत 1920 च्या दशकात खोदलेल्या बोगद्यांतून आजवर एकही प्रवासी गाडी गेली नाही. पुढे त्यातून पाण्याची मोठी नळी नेली.

बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळकरांना यातलं बरं उदाहरण बघायला मेहकरपर्यंतच जावं लागतं. तिथून जाणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आज सहापदरी आहे. पुढे तो आठपदरी करता यावा म्हणून मधोमध रुंद दुभाजक सोडलाय. त्याला बॅटरी लागत नाही, वंगण लागत नाही. गवत कापलं, झाडं सांभाळली की झालं. उलट रस्त्याकडेला दुकानं, धाबे, घरं उभी राहिल्यावर तीच जमीन मागायला गेलं तर मोबदला आणि कोर्टकचेऱ्या यांतच वर्षं जातील. म्हणून जागा आणि पाया आधीच राखून ठेवायला माझी हरकत नाही; गाड्या, सिग्नल आणि सरकते जिने मात्र प्रवासी चढायची तारीख पक्की झाल्यावरच मागवावेत.