दोन गिटारी आणि एक भिंत



आमच्या घरी दोन गिटारी आहेत. एक मी एम.ए.च्या वर्गात असताना शिकवण्यांच्या पैशांतून घेतलेली. दिसायला ती अगदी साधी असून तिच्या अंगावर वसतिगृहापासून पुढच्या साऱ्या बदल्यांपर्यंतच्या प्रवासाचे ओरखडे आहेत. दुसरी चार वर्षांपूर्वी पुष्कळ पैसे मोजून आणलेली. तिची पाठ काळसर जांभळ्या शिसवीची आहे आणि पाहुणे आले की ती खोळीतून बाहेर काढण्याचा मोह मला आवरत नाही. जुनी गिटार आता कोणाला तरी देऊन टाकावी, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

एका रविवारी सकाळी मी वर्तमानपत्र वाचीत बसलो असता शेजारच्या खोलीत माझी मुलगी वाजवीत होती. स्वर मोकळे आणि टवटवीत होते. मी पत्नीला मोठ्या अधिकारवाणीने म्हणालो, "ऐकलेस? शिसवीचा आवाज असा असतो!" थोड्याच वेळात मुलगी दार उघडून बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात जुनी गिटार होती. "बाबा, कालच तिला नव्या तारा लावल्या," ती म्हणाली. नव्या गिटारीच्या तारा मी वर्षभरात बदलल्या नव्हत्या.

सरकारी नोकरीत आम्हां मंडळींना एक खोड जडते. फाइलीवरील टिप्पणी वाचण्याआधी आम्ही खालची सही कोणाची आहे ते पाहतो. वाद्याच्या बाबतीतही मी इतकी वर्षे हेच करीत होतो की काय, अशी शंका त्या दिवशी आली आणि मी थोडा अभ्यास केला. दोन गिटारींच्या आवाजात फरक कशामुळे पडतो, आणि तो आपल्याला खरोखर ऐकू येतो किती, एवढ्या दोनच प्रश्नांविषयी आज आपल्याशी बोलणार आहे.

आपल्या संगीतशास्त्रात नादाची तीन लक्षणे सांगतात. उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. सनई आणि सारंगी यांनी एकच षड्ज तेवढ्याच मोठ्याने लावला, तरी कोणते वाद्य वाजते आहे हे आपण ज्यावरून ओळखतो, ती नादाची जाती. गिटारीची सर्वांत जाड तार छेडली की ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. पण ती एवढेच करून थांबत नाही. त्याच वेळी ती १६४, २४६, ३२८ अशा पटींनीही कंप पावत असते. हे उपस्वर होत. तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेतून न लावलेला गांधार उमटतो, तो याच कुळातला. कोणता उपस्वर किती बळकट आहे आणि तो किती वेळ टिकतो, यावर नादाची जाती मुख्यतः ठरते.

आता हे उपस्वर येतात कोठून? पहिला उगम अर्थातच तार. गिटारीला पूर्वी आतड्याच्या ताती लावीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ताती दुर्मिळ झाल्या आणि त्यांची जागा नायलॉनने घेतली. स्पॅनिश पद्धतीची अभिजात गिटार आजही नायलॉनच्या तारांवर वाजते, आणि तिचा स्वर गोल व मऊ असतो. दुसरा प्रकार पोलादी तारांचा. या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलोपर्यंत जातो, तर नायलॉनच्या तारांचा सुमारे ४० किलो. पोलादी तारेत उंच उपस्वर भरपूर असतात, म्हणून तिचा स्वर चमकदार लागतो. परंतु बोटांचा घाम आणि धूळ तारेच्या वेढ्यांत साचली, गंज चढला, की आधी हे उंच उपस्वरच मरतात. माझ्या घरच्या फजितीचे मुख्य कारण हेच होते. मी दोन गिटारींची तुलना करीत आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी नव्या आणि जुन्या तारांची तुलना करीत होतो.

नुसती तार मात्र फार क्षीण बोलते. ती बारीक असल्यामुळे हवा हलवू शकत नाही. तिचे कंपन घोडीवाटे खालच्या तबलीला पोहोचते आणि ही रुंद तबली हवा हलवते. आपल्या सतारीची तबली, तशीच ही. तिची जाडी जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर. ती जितकी पातळ आणि हलकी, तितकी ती सहज कंप पावते. पण फार पातळ केली तर तारांच्या ताणाने ती वाकून जाईल. म्हणून तिला आतून लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटवतात. नायलॉनच्या गिटारीत त्या बहुधा उघडलेल्या पंख्यासारख्या मांडतात, तर पोलादी तारांच्या गिटारीत फुलीच्या आकारात. या पट्ट्या कोठे आणि किती तासायच्या, यातच कारागिराचे अर्धे आयुष्य जाते.

तबलीसाठी जगभर पसंती आहे ती स्प्रूस या थंड प्रदेशातील सूचिपर्णी वृक्षाला. हे लाकूड वजनाला हलके, पण उभ्या शिरांच्या दिशेने कमालीचे ताठ असते. त्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५००० मीटर वेगाने धावतो. हवेत तो वेग ३४० मीटरच्या आसपास असतो. दुसरे लोकप्रिय लाकूड सीडर या नावाने विकले जाते. हा आपला हिमालयातील देवदार नव्हे. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा निराळाच, तांबूस लाकडाचा वृक्ष आहे. स्प्रूसचा स्वर स्वच्छ आणि सीडरचा उबदार, असे वादक म्हणतात. एकाच जातीच्या दोन फळ्यांतही बराच फरक असतो, हे ध्यानात ठेवून ते मानावे.

तबलीखालची पेटी काय करते? बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की घुमणारा आवाज निघतो, तसाच गिटारीच्या पोटातील हवेलाही स्वतःचा एक स्वर असतो. तो साधारणतः सेकंदाला १०० कंपनांच्या आसपास असतो, आणि तबलीचा स्वतःचा पहिला मोठा अनुनाद २०० च्या आसपास. या दोहोंच्या जवळपासचे स्वर अधिक भरदार उमटतात. पेटी मोठी असली की खर्ज घुमतो, लहान असली की मधले स्वर नेमके ऐकू येतात. एका लोकप्रिय मोठ्या आकाराला ड्रेडनॉट म्हणतात. १९०६ सालच्या ब्रिटिश युद्धनौकेवरून त्याला हे नाव पडले, हे कळल्यावर त्याच्या गडगडाटी खर्जाचे नवल वाटत नाही.

राहिली ती पाठ आणि कडा. आणि सर्वांत अधिक पैसा व सर्वांत अधिक दंतकथा त्यांच्याच भोवती गोळा झाल्या आहेत. ब्राझीलच्या शिसवीची गिटार म्हणजे परमावधी, असा समज शतकभर होता. तिची लाकडे मिळेनाशी झाली, तेव्हा १९६० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य कारागीर भारतीय शिसवीकडे वळले. आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या रानांत वाढणारा हा वृक्ष, ज्याची पाटे-पलंग आपल्या जुन्या वाड्यांतून दिसतात, तो असा परदेशी गिटारींच्या पाठीला जाऊन बसला. १९९२ मध्ये ब्राझीलच्या शिसवीचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने जवळजवळ बंद केला; २०१७ पासून शिसवीच्या साऱ्या कुळावरच नियंत्रण आले, आणि २०१९ मध्ये त्यातून तयार वाद्यांना सूट मिळाली. एका समजापायी रानेच्या राने विरळ होऊ शकतात. म्हणून तो समज खरा आहे की नाही, हा प्रश्न केवळ हौशी वादकांचा राहत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच देण्यात आले होते. स्पेनमध्ये आंतोनियो दे तोर्रेस नावाचा एक कारागीर होता. मूळचा तो सुतार. आजच्या अभिजात गिटारीचा आकार त्याच्याच हातून घडला. १८६२ मध्ये त्याने एक चमत्कारिक गिटार केली. तबली उत्तम स्प्रूसची, पण पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या! आवाजाचे मर्म तबलीत आहे, हे दाखविण्याचा प्रयोग म्हणून ती प्रसिद्ध आहे. बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात ती आजही जपून ठेवलेली आहे.

दुसरे उत्तर अलीकडचे. इंग्लंडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी एका कसलेल्या कारागिराकडून पोलादी तारांच्या सहा गिटारी करवून घेतल्या. सर्व बाबतींत शक्य तितक्या सारख्या. फक्त पाठ आणि कडा सहा निरनिराळ्या लाकडांच्या, ब्राझीलच्या महागड्या शिसवीपासून स्वस्त लाकडांपर्यंत. ५२ वादकांना त्या अंधूक उजेडात आणि गाळे झाकणाऱ्या काळ्या चष्म्यांआडून, म्हणजे लाकूड दिसणार नाही अशा रीतीने, वाजवायला दिल्या. निष्कर्ष असा की सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळजवळ सारखे होते, आणि लाकडाच्या किमतीचा आवाजाच्या पसंतीशी संबंध दिसला नाही. एक गिटार दुसरीपासून नुसती वेगळी ओळखणेही वादकांना कठीण गेले.

यावरून सर्व गिटारी सारख्याच असतात असे कोणी समजू नये. तारा, तबली, तिच्या पट्ट्या, पेटीचा आकार यांनी आवाज बदलतो आणि चांगला बदलतो. वाजविणाऱ्याच्या हाताने तर तो सर्वांत अधिक बदलतो. घोडीजवळ छेडले की तीच तार कडक बोलते, मध्याकडे छेडले की मवाळ होते. बोटाचा स्वर निराळा आणि नखीचा निराळा. हवामानही आपला वाटा उचलते. कोकणच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा पिऊन फुगते आणि आवाज जड होतो. माझी जुनी गिटार बदलीबरोबर राजस्थानात गेली, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या तबलीला बारीक चीर पडली. हवेतील आर्द्रता निम्म्याच्या आसपास असली की वाद्य सुखी असते.

तेव्हा तुलना करायची तर ती न्यायाने करावी. दोन्ही गिटारींना एकाच प्रकारच्या नव्या तारा लावाव्यात आणि त्या एकाच स्वरात मिळवाव्यात. एकाच माणसाने, एकाच जागी बसून, एकच लहानसा तुकडा वाजवावा. आवाजाचा मोठेपणा शक्य तितका सारखा राखावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. दोन वादनांत फार वेळ जाऊ देऊ नये. नादाच्या जातीची आठवण चटकन पुसट होते. आणि मध्ये एक पडदा बांधावा. क्रम नाणे उडवून ठरवावा आणि दहा वेळा ओळखून पाहावे. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच उत्तरे बरोबर येतीलच. नऊ किंवा दहा आली, तर मात्र कान काहीतरी ऐकतो आहे असे मानायला हरकत नाही. केवळ दैवाने असे हजारांत सुमारे ११ वेळाच घडते.

नवी गिटार घेणाऱ्याला आणखी एक सोपी खूण सांगतो. तबलीच्या मधल्या वर्तुळाकार छिद्राच्या कडेला नीट पाहावे. वरच्या पृष्ठभागावरील रेषा कडेवरून सरळ आत उतरलेल्या दिसल्या, तर तबली अखंड लाकडाची. थरांवर थर दिसले, तर ती प्लायवूडची. पैसे थोडे असतील तर ते आधी तबलीवर खर्च करावेत, पाठीवर नव्हे. हे वाचल्यावर मी घरची जुनी गिटार खिडकीशी नेऊन पाहिली. पाठ प्लायवूडची होती, पण रेषा कडेवरून सरळ खाली उतरल्या होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी विक्रेत्याने मला चांगलीच वस्तू दिली होती. मीच तिला हलकी समजत आलो.

शिसवीच्या गिटारीचा मला पश्चात्ताप झालेला नाही. ती सुबक आहे, तिच्या पडद्यांवरून बोट हलके फिरते, आणि सुंदर वस्तू जवळ बाळगण्याचा आनंदही काही खोटा नसतो. मात्र आपण पैसे रूपाचे देतो आहोत की नादाचे, हे देणाऱ्याला ठाऊक असावे. ज्या घरात मूल गिटारीसाठी हट्ट धरून बसले आहे आणि वडील किमतीचा कागद पाहून गप्प झाले आहेत, त्या घराला तर हे अवश्य ठाऊक असावे.

आम्हीही शेवटी दाराला चादर बांधून दहा फेऱ्यांची परीक्षा घेतली. दोन्ही गिटारींना नव्या तारा होत्या. मुलीची नऊ उत्तरे बरोबर आली, माझी सात. सात म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, हे मी तिला गणित मांडून समजावून दिले. नंतर दोहोंतली कोणती हवी असे विचारले, तेव्हा तिने जुनीच मागून घेतली. कारण विचारण्याचा माझा अधिकार त्या रविवारीच संपला होता.