बावचीची पूड म्हणजे बाकुचिऑलचं सीरम नव्हे! चेहऱ्यावर झाडपाला लावण्याआधी हे समजून घ्या

लग्नसराई आली की बडोद्याच्या जुन्या शहरात, मांडवीजवळच्या घडियाळी पोळमध्ये मराठी घरात हळद लागते आणि शेजारच्या गुजराती घरात पीठी. वाटीत साधारण तेच असतं: हळद, डाळीचं पीठ, थोडं तेल किंवा दूध. चेहऱ्याला झाडपाल्याचं काही लावणं इथल्या कोणत्याच घराला नवीन नाही. नवीन आहे ते सीरमच्या छोट्या बाटलीवरचं नाव, ‘बाकुचिऑल’.

नाव ओळखीचं वाटतं, कारण ते आपल्या बावचीवरूनच पडलं आहे. संस्कृतमध्ये बावचीला बाकुची म्हणतात. मग साहजिकच हिशेब मांडला जातो. एवढीशी बाटली शेकडो रुपयांना, आणि बावचीचं काळं बी तर काष्ठौषधीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. पूड करायची, तेलात कालवायची आणि लावायची. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो चुकला तर चेहरा भाजू शकतो.

एका बीमध्ये दोन वेगळे पदार्थ

बावचीच्या बीमध्ये अनेक रसायनं असतात. त्यातली दोन महत्त्वाची. पहिलं सोरालेन. हे त्वचेत मुरलं आणि वर ऊन पडलं की त्वचा त्या उन्हाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रतिसाद देते. म्हणूनच कोड म्हणजे पांढऱ्या डागांवर बावची पूर्वापार वापरली जाते. आजही त्वचारोगतज्ज्ञ सोरालेन देऊन मोजून-मापून अतिनील किरणांचा उपचार करतात. त्यात औषध किती, प्रकाश किती आणि किती वेळ, हे सगळं ठरलेलं असतं. वैद्यही बावची शोधन केल्याशिवाय सरसकट देत नाहीत.

दुसरा पदार्थ बाकुचिऑल. तो तेलकट असतो आणि सोरालेनसारखा उन्हाशी भांडण काढत नाही. सीरममध्ये हवा असतो तो हाच. त्यासाठी बियांचा अर्क काढून, त्यातलं सोरालेन बाजूला करून, बाकुचिऑल शुद्ध करावं लागतं. घरच्या खलबत्त्यात हे होत नाही. पूड तेलात कालवली की दोन्ही पदार्थ तेलात उतरतात.

शोध पुण्यातला, शास्त्रज्ञ पुढे बडोद्यात

हे बाकुचिऑल परदेशातून आलेलं नाही. 1966 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) गोवर्धन मेहता, यू. आर. नायक आणि सुखदेव या शास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून ते वेगळं करून त्याची माहिती प्रसिद्ध केली. डॉ. सुखदेव पुढे 1970 च्या दशकात बडोद्याजवळच्या नंदेसरी इथल्या मालती-केम संशोधन केंद्रात आले. गुग्गुळावरचं त्यांचं कामही नावाजलेलं आहे.

बाकुचिऑल सौंदर्यप्रसाधनांत मात्र बऱ्याच उशिरा आलं. 2019 च्या एका अभ्यासात 44 जणांवर 12 आठवडे तुलना झाली. काहींनी 0.5 टक्के बाकुचिऑल दिवसातून दोनदा लावलं, काहींनी 0.5 टक्के रेटिनॉल दिवसातून एकदा. बारीक सुरकुत्या आणि काळपटपणा दोन्हीकडे कमी झाला आणि निकालात ठळक फरक दिसला नाही. रेटिनॉल लावणाऱ्यांना त्वचेचे पापुद्रे निघणं आणि चुरचुरणं जास्त जाणवलं. अभ्यास आशादायक आहे, पण 44 माणसं म्हणजे फार मोठी संख्या नाही.

आता 0.5 टक्के म्हणजे किती? 30 मिलीच्या बाटलीत साधारण 150 मिलिग्रॅम, चिमूटभरच. बाकी सगळं त्या चिमटीला विरघळवायला, टिकवायला आणि त्वचेत पोचवायला. बाटलीची किंमत योग्य की अयोग्य हा वेगळा मुद्दा. पण पूड त्याची जागा घेऊ शकत नाही.

मग हळदीचं काय?

हळदीतला मुख्य पदार्थ कर्क्युमिन. हळदीच्या पुडीत तो साधारण 2 ते 5 टक्के असतो आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून पाण्यात कालवलेल्या हळदीचा रंग कातडीवर बसतो, पण आत फारसं काही जात नाही. तेल किंवा साय घालण्याची जुनी पद्धत त्या दृष्टीने शहाणपणाची आहे.

दुसरी अडचण क्षाराची. हळदीत चुना मिसळला की लाल कुंकू होतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कर्क्युमिन क्षारात रंग बदलतं आणि तिथे टिकतही नाही. उजेडातही ते खराब होतं. साबण स्वभावाने क्षारयुक्त, म्हणून ‘हळदीचा साबण’ म्हटलं तरी त्यात कर्क्युमिन किती शाबूत राहिलं हा प्रश्न उरतोच. काही क्रीममध्ये म्हणूनच कर्क्युमिनपासून बनवलेला, रंग नसलेला आणि जास्त टिकणारा पदार्थ वापरतात.

लिंबू आणि कोरफडीतही खोच आहे

लिंबाच्या सालीत आणि रसातही सोरालेनच्या कुळातले पदार्थ असतात. लिंबू चोळून उन्हात गेलं की त्वचा पोळते. हे लगेच कळत नाही. साधारण एका दिवसाने लाली येते, दोन-तीन दिवसांत फोड येतात आणि मागे राहिलेले काळे डाग कित्येक महिने जात नाहीत. गोरं व्हायला लावलं आणि डाग पडले, असं होतं ते यामुळे.

कोरफडीचा गर चांगला, पण सालीखालचा पिवळा चीक खाज आणतो. पान कापून काही वेळ उभं ठेवावं, चीक निथळू द्यावा, मग गर धुऊन घ्यावा. असा गर किंवा पाणी घालून केलेला लेप फ्रीजमध्येही फार दिवस ठेवू नये. त्यात जंतू वाढतात.

विकत घेताना काय बघायचं?

विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो. घरून बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर विकलं तरी नियम तोच. डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी हवी. यादीत एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्यामुळे पुढच्या बाजूला हळदीचं मोठं चित्र आणि मागे हळदीचं नाव अगदी शेवटी, असं दिसलं तर काय ते समजून घ्यावं.

‘आठ दिवसांत गोरेपणा’ सांगणाऱ्या बिननावाच्या डबीपासून तर लांबच राहावं. अशा काही क्रीममध्ये पारा किंवा स्टेरॉइड सापडलं आहे. केरळमधल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांना 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे 22 रुग्ण आढळले. त्यातल्या 15 जणांचा आजार एका विशिष्ट प्रकारचा होता, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

नवीन काहीही आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन दिवस बघावं. पण बावचीच्या बाबतीत ही घरगुती परीक्षा फसवी ठरते. बाहीखाली झाकलेल्या हाताला ऊन लागत नाही, म्हणून तिथे काहीच होत नाही आणि चेहरा मात्र दुपारी बाहेर पडल्यावर पोळतो. गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी बाकुचिऑलही डॉक्टरांना विचारूनच लावावं.

बावची चुकून लागलीच तर साबण-पाण्याने लगेच धुवावी, ती जागा दोन-तीन दिवस उन्हापासून पूर्ण झाकावी आणि फोड आले तर ते न फोडता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. जाताना ती पुडी किंवा डबी सोबत न्यावी. काय लावलं होतं हे डॉक्टरांना कळलं की उपचार सोपा होतो.