सस्पेन्शन लिफ्ट किट

सस्पेन्शन लिफ्ट किट हा मोटार वाहनाचा सांगाडा व बॉडी चाकांच्या तुलनेत वर उचलण्यासाठी वापरला जाणारा सुट्या भागांचा संच आहे. त्यात स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, स्पेसर, पाटे, शॅकल व जोडदांडे यांपैकी काही किंवा सर्व भाग असतात. खडकाळ वा चाकोऱ्या पडलेल्या वाटेवर वाहनाचा तळ घासू नये आणि मोठ्या व्यासाचे टायर बसवता यावेत, हे या संचाचे मुख्य उद्देश होत. मात्र उंचीबरोबर वाहनाचा गुरुत्वमध्यही वर जातो आणि स्टिअरिंग, ब्रेक व चालक दांड्यांची मूळ भूमिती बदलते. त्यामुळे कच्च्या वाटेबरोबरच रोजच्या प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनासाठी किटची निवड जास्तीत जास्त उंचीवरून नव्हे, तर गरज भागवणाऱ्या किमान उंचीवरून करणे योग्य ठरते. भारतात अशा बदलांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील तरतुदी लागू होतात.

पार्श्वभूमी

महिंद्र अँड महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपच्या पुढील व मागील दोन्ही अ‍ॅक्सलना पाट्यांचे सस्पेन्शन होते. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीतही चारही चाकांना पाटे व अखंड अ‍ॅक्सल होते. २०१० मध्ये बाजारात आलेल्या थारच्या सीआरडीई आवृत्तीत पुढे टॉर्शन बार असलेले स्वतंत्र सस्पेन्शन व मागे पाटे होते. २०२० च्या थारमध्ये पुढे डबल विशबोन व मागे अखंड अ‍ॅक्सल असून सर्वत्र कॉइल स्प्रिंग आहेत. २०२३ मध्ये भारतात आलेल्या पाच दारांच्या मारुती सुझुकी जिम्नीत पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल व कॉइल स्प्रिंग आहेत.

सस्पेन्शनच्या या भिन्न रचनांमुळे एका वाहनाचा किट दुसऱ्याला चालत नाही. अखंड अ‍ॅक्सलचे वाहन उचलणे तुलनेने सोपे असते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये मात्र चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांचा कोन लवकर मर्यादेबाहेर जातो.

नव्या वाहनांना मुळातच पुरेशी उंची असते, हेही निवडीपूर्वी लक्षात घ्यावे लागते. २०२० च्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, तर जिम्नीचा २१० मिलिमीटर आहे.

उंची व कोन

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमीन आणि वाहनाचा सर्वांत खालचा भाग यांतील अंतर. अखंड अ‍ॅक्सलच्या वाहनात हा भाग बहुधा डिफरन्शियलचा गोळा असतो. अ‍ॅक्सल चाकांना जोडलेला असल्याने सस्पेन्शन उचलले तरी हा गोळा जागचा हलत नाही. किटमुळे उचलली जाते ती वरची चौकट, इंधनटाकी व बंपर. डिफरन्शियलची उंची वाढते ती केवळ टायरचा व्यास वाढल्यास, आणि तीही व्यासवाढीच्या निम्मी. उदाहरणार्थ, २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर, तर २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४ मिलिमीटर असतो. हा बदल केल्यास अ‍ॅक्सल १५ मिलिमीटर वर जातो.

कच्च्या वाटेवर ग्राउंड क्लिअरन्सइतकेच तीन कोन महत्त्वाचे असतात. पुढचा बंपर न घासता चढाला भिडता येईल तो प्रवेशकोन, मागचा बंपर न घासता उतारावरून खाली येता येईल तो निर्गमकोन, आणि दोन चाकांच्या मधला तळ न टेकता उंचवटा ओलांडता येईल तो उंचवटाकोन. सस्पेन्शन उचलल्याने हे तिन्ही कोन वाढतात. दोन अ‍ॅक्सलांमधील अंतर २,४०० मिलिमीटर व मधल्या तळाची उंची २०० मिलिमीटर असेल, तर उंचवटाकोन ढोबळमानाने १९ अंश येतो. तळ ५० मिलिमीटरने वर गेल्यास तो सुमारे साडेतेवीस अंश होतो.

प्रकार

स्पेसर किट: मूळ स्प्रिंग तशीच ठेवून तिच्या वर किंवा खाली धातूची वा पॉलियुरेथेनची चकती बसवली जाते. हा प्रकार सर्वांत स्वस्त असतो व मूळ स्प्रिंगचा मऊपणा टिकवतो. परंतु शॉक अ‍ॅब्सॉर्बरची लांबी तीच राहिल्यास चाक खाली जाण्याची मुभा घटते आणि खड्ड्यात तो पूर्ण ताणला जाऊन झटका देतो.

स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर किट: यात अधिक लांब स्प्रिंग आणि तिला जुळणारे लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र मिळतात. दैनंदिन वापराच्या वाहनासाठी हा प्रकार सहसा अधिक योग्य ठरतो, कारण उंची, ताठपणा आणि झोका शमवण्याची क्षमता यांचा मेळ उत्पादकाने आधीच घातलेला असतो.

पाट्यांचे किट: थकलेल्या पाट्यांच्या जागी अधिक कमानदार पाटे बसवले जातात किंवा मूळ संचात एक पाटा वाढवला जातो. पाटा वाढवल्याने भारक्षमता सुधारते, पण रिकामे वाहन जास्त उसळते. अ‍ॅक्सल व पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालून मागची बाजू उचलता येते. पुढच्या अ‍ॅक्सलवर असा ठोकळा घालणे धोकादायक मानले जाते, कारण ब्रेक लागताना व वळताना तेथे पडणारा ताण तो सैल करू शकतो.

टॉर्शन बारची फेरजुळणी: बारचा पीळ वाढवून पुढची बाजू उचलली जाते. यात नवा भाग जवळजवळ लागत नाही. मात्र चाकाचा खाली जाण्याचा प्रवास तेवढाच कमी होतो आणि चाल कडक होते.

बॉडी लिफ्ट: चौकट व बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून केवळ बॉडी उचलली जाते. यात सस्पेन्शन बदलत नसल्याने हा प्रकार खऱ्या अर्थाने सस्पेन्शन लिफ्ट नव्हे. त्याने टायरसाठी जागा होते, पण चौकटीखालची मोकळी उंची वाढत नाही.

वाहनावरील परिणाम

वाहन उलटण्याची प्रवृत्ती मोजण्यासाठी स्थिर स्थैर्य गुणांक वापरतात. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की हा गुणांक मिळतो. चाकांमधील अंतर १,५०० मिलिमीटर व गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटर उंचीवर असेल, तर गुणांक १.०७ येतो. किट व टायर मिळून गुरुत्वमध्य ५० मिलिमीटरने वर गेल्यास तो १.०० होतो. गुणांक जितका कमी, तितके वाहन वळणावर उलटण्याची शक्यता अधिक. छतावरील सामानाचे वाहक व त्यावरचे ओझे हा गुणांक आणखी खाली आणतात.

अखंड पुढच्या अ‍ॅक्सलच्या वाहनात उंची वाढली की कास्टर कोन घटतो. त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची प्रवृत्ती कमी होते व वेगात वाहन भरकटल्यासारखे वाटते. त्यावर कास्टर सुधारणारे बुश किंवा लांब जोडदांडे बसवले जातात. अ‍ॅक्सलला आडवे धरून ठेवणारा पॅनहार्ड दांडा मूळ लांबीचाच राहिल्यास अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून लांबी बदलता येणारा दांडा लागतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये सीव्ही जॉइंट व बॉल जॉइंट यांची झीज वाढते, तर प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढल्याने थरथर जाणवू शकते.

ब्रेकवरील परिणाम सहज नजरेत येत नाही. काही वाहनांत मागच्या चाकांचा ब्रेकदाब वाहनातील भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. चौकट व अ‍ॅक्सल यांतील अंतर वाढले की या व्हॉल्व्हला वाहन रिकामे असल्याचा संकेत मिळतो आणि भरलेल्या वाहनातही मागचा ब्रेक सौम्य लागतो. व्हॉल्व्हच्या दांड्याची फेरजुळणी करणे त्यामुळे आवश्यक असते. ब्रेकच्या नळ्या व एबीएसच्या तारा चाक पूर्ण खाली लटकले असतानाही ताणल्या जाता कामा नयेत.

मोठ्या टायरमुळे वेगमापक प्रत्यक्षाहून कमी वेग दाखवू लागतो. वरील उदाहरणातील बदलानंतर काटा ताशी ६० किलोमीटरवर असताना खरा वेग सुमारे साडेबासष्ट किलोमीटर असतो. टायर जड झाल्याने ब्रेकवरचा भार व इंधनाचा खर्चही वाढतो.

दैनंदिन वापरासाठी निवड

निवडीची सुरुवात वाहन कोठे अडते हे पाहण्यापासून होते. बंपर घासत असेल, तर प्रवेशकोन वाढवण्याची गरज असते. डिफरन्शियल टेकत असेल, तर किटचा उपयोग नसून टायरचा विचार करावा लागतो. चाक हवेत राहून जागीच फिरत असेल, तर उंचीपेक्षा चाकाचा वर-खाली होण्याचा प्रवास किंवा डिफरन्शियल लॉक अधिक उपयोगी पडते. अनेकदा जुन्या वाहनाची उंची थकलेल्या स्प्रिंगमुळेच घटलेली असते. तेथे मूळ मापाच्या नव्या स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर पुरेसे ठरतात.

दुसरा निकष भार हा आहे. स्प्रिंगचा ताठपणा वाहनात नेहमी असणाऱ्या वजनानुसार निवडावा लागतो. विंच, पोलादी बंपर किंवा मालाचे कायमचे ओझे गृहीत धरून केलेली ताठ स्प्रिंग एकट्या चालकाच्या वाहनात बसवल्यास टायरची रस्त्यावरील पकड वारंवार सुटते. स्वतंत्र सस्पेन्शनच्या वाहनात सुमारे ५० मिलिमीटरपर्यंतची वाढ ही व्यावहारिक मर्यादा मानली जाते. त्यापुढे वरचे विशबोन व इतर जोडभाग बदलणे भाग पडते आणि खर्च झपाट्याने वाढतो. किटची किंमत ठरवताना व्हील अलाइनमेंट, जोडभाग व टायर यांचा खर्चही धरावा लागतो.

तिसरा निकष वापरणाऱ्यांचा आहे. उंच पायरी वृद्ध, लहान मुले व रुग्ण यांना रोजच्या चढउतारात त्रासदायक ठरते.

चिखलदरा परिसरातील वापर

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेले थंड हवेचे ठिकाण आहे. पायथ्याच्या परतवाड्याहून तेथे वळणावळणाच्या घाटाने जावे लागते. वर धुके व पावसाळ्यात मुसळधार पाऊस, खाली वऱ्हाडच्या सपाटीवर काळी माती, आणि मेळघाटातील गावांकडे जाणारे खडबडीत जोडरस्ते अशा तिन्ही परिस्थिती एकाच प्रवासात भेटतात. म्हणून दुहेरी वापराच्या वाहनाची निवड समजून घेण्यास हा परिसर चांगले उदाहरण आहे.

घाटात उतरताना ब्रेक लावला की भार पुढच्या चाकांकडे सरकतो. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका हा सरकणारा भार अधिक व मागच्या चाकांची पकड कमी. अरुंद वळणे, ओला रस्ता व भरलेले वाहन एकत्र आले की उंचीचा प्रत्येक सेंटिमीटर स्थैर्यातून वजा होतो. जोडरस्त्यांवरील दगड व मोऱ्यांचे उंचवटे यांसाठी थोडी वाढ उपयोगी पडते. पांदण रस्त्यांवरील ओल्या काळ्या मातीत मात्र उंची फारशी कामी येत नाही. ती माती टायरच्या खाचांत भरून चाक गुळगुळीत करते, त्यामुळे तेथे रुंद खाचांचे, माती झटकून टाकणारे टायर महत्त्वाचे ठरतात.

पुराच्या पाण्याबाबतही किट हमी देत नाही. इंजिनाचा हवेचा मार्ग वर गेला तरी अ‍ॅक्सलची श्वासनळी व चाकांची बेअरिंगे पूर्वीच्याच पातळीवर राहू शकतात, आणि वाहत्या पाण्याचा रेटा उंच वाहनालाही ढकलतो.

चिखलदऱ्याभोवतीचा मोठा वनप्रदेश मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो. अभयारण्यातील प्रवेशावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार निर्बंध असल्याने ठरवून दिलेला रस्ता सोडून जंगलात वाहन घालता येत नाही.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ स्पष्ट करताना उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल करण्यास मनाई असल्याचे म्हटले. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बदललेले वाहन अपघातग्रस्त झाल्यास विम्याच्या दाव्यावरही वाद उद्भवू शकतो. त्यामुळे किट विकत घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांच्याकडे लेखी विचारणा करणे हिताचे असते.

बसवल्यानंतरची तपासणी

किट बसवल्यावर व्हील अलाइनमेंट केली जाते व हेडलाइटचे झोत खाली वळवले जातात. तसे न केल्यास, विशेषतः धुक्यात व घाटात, समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात. नव्या स्प्रिंग व पाटे काही दिवसांत बसतात, म्हणून पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट व इतर नट पुन्हा आवळावे लागतात. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून व चाक पूर्ण दाबून टायर कोठे घासत नाही ना, हे पाहिले जाते. अखेरीस वाहन नेहमीच्या भारासह कमी वेगात चालवून ब्रेकची चाचणी घेतली जाते.

हे सुद्धा पहा

शॉक अ‍ॅब्सॉर्बर
डिफरन्शियल
महिंद्रा थार
चिखलदरा
मेळघाट व्याघ्र प्रकल्प