पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ

जुलै १९१६मध्ये पुण्याजवळच्या हिंगण्याला एक विद्यापीठ सुरू झाले. त्याला कुलपती होते, कुलगुरू होते, सिनेट होती, छापील अभ्यासक्रम होता. विद्यार्थिनी मात्र पाच होत्या. सरकारची सनद नव्हती, सरकारी अनुदान नव्हते आणि इथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलीला त्या पदवीवर नोकरी मिळेल, अशी हमी कोणीही देऊ शकत नव्हते. हे विद्यापीठ पुढची पस्तीस वर्षे सरकारी मान्यतेवाचून चालले. आज आपण ज्याला ‘एसएनडीटी’ म्हणतो, ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ते हेच.

सरकारच्या आधाराशिवाय उभ्या राहणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेपुढे दोन प्रश्न असतात: मान्यता आणि प्रवेश. ते एकमेकांत अडकलेले असतात. मान्यता नसेल तर पालक मुलांना पाठवत नाहीत आणि वर्ग रिकामे असतील तर मान्यता मागायला तोंड उरत नाही. या कोंडीत आजवर कितीतरी संस्था मिटल्या. हिंगण्याचे विद्यापीठ त्या कोंडीत तीन तपे टिकून राहिले. ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे.

जपानहून आलेली पुस्तिका

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८चा, कोकणातल्या शेरवली गावचा. फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवत. १८९३मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, १८९६मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले, तेव्हा १९०० साली आश्रम तिकडे गेला. हिंगणे तेव्हा शहरापासून चार मैलांवरचे माळरान होते. कॉलेजातले तास संपले की कर्वे पायी हिंगण्याला जात. पावसाळ्यात त्या वाटेवर चिखल तुडवावा लागे. विद्यापीठ निघण्यापूर्वीची सोळा वर्षे ही अशी गेली होती, हे विसरता कामा नये. मुलींना घराबाहेर, वसतिगृहात ठेवण्याइतका समाजाचा विश्वास त्या वर्षांत कमावला गेला.

अशातच त्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. जिन्झो नारुसे यांनी ते १९०१मध्ये स्थापन केले होते. त्याच्या नावात विद्यापीठ हा शब्द असला तरी जपानी कायद्याने त्याला विद्यापीठाचा दर्जा १९४८मध्ये दिला. म्हणजे कर्व्यांनी जो आदर्श डोळ्यांपुढे ठेवला, तोही कायद्याच्या दृष्टीने तेव्हा विद्यापीठ नव्हताच. डिसेंबर १९१५मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. सहा महिन्यांत, ३ जून १९१६ रोजी, सिनेटची पहिली सभा भरली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले, रँग्लर परांजपे कुलगुरू.

मुली येणार कुठून?

१९११च्या जनगणनेत देशातल्या शंभर स्त्रियांमध्ये जेमतेम एक साक्षर होती. मुलींची लग्ने बाराव्या-तेराव्या वर्षी होत. मुंबई विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद नव्हती. कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८८०च्या दशकातच पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली होती. पण शिक्षण सारे इंग्रजीतून. घरात मराठी किंवा गुजराती बोलणाऱ्या मुलीची निम्मी ताकद परभाषेशी झुंजण्यातच खर्ची पडे.

कर्व्यांनी इथेच बदल केला. विद्यापीठाचे माध्यम मातृभाषा ठरले, इंग्रजी हा सक्तीचा विषय. आरोग्यशास्त्र, गृहशास्त्र यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले. दोन्ही निर्णयांवर टीका झाली. मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम दर्जाचे शिक्षण, असे काहींचे म्हणणे होते, आणि तो आक्षेप पोकळ नव्हता. महात्मा गांधींना मातृभाषेचे धोरण पसंत होते, पण इंग्रजीची सक्ती पटत नव्हती. कर्वे सक्तीवर ठाम राहिले. बाहेरच्या जगाशी व्यवहार करायचा तर मुलींना इंग्रजी यायलाच हवे, अशी त्यांची धारणा होती.

पदव्यांच्या नावांकडे जरा निरखून पाहावे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची बी.ए. ही पदवी देणे शक्य नव्हते, म्हणून या विद्यापीठाने स्वतःच्या पदव्या घडवल्या. पहिली ‘गृहीतागमा’. गृहीत म्हणजे घेतलेले, आगम म्हणजे विद्या. जिने विद्या आत्मसात केली ती गृहीतागमा. त्यापुढची ‘प्रदेयागमा’, म्हणजे जिच्यापाशी दुसऱ्याला देण्याजोगी विद्या आहे ती. संक्षेपाने जी.ए. आणि पी.ए. इंग्रजीतही ही अक्षरे कलाशाखेच्या पदवीधर आणि प्रवीण अशा अर्थांनी बसत. दोन्ही नावे मुळातच स्त्रीलिंगी. ज्या काळात पदवी पुरुषांचीच असे गृहीत धरले जाई, त्या काळात या दोन संस्कृत शब्दांनी बाईला विद्येची धनीण म्हटले. सरकारने दिली नाही ती प्रतिष्ठा विद्यापीठाने भाषेतून दिली.

पैसा दारोदारचा

अनुदान नाही, विद्यार्थिनी मोजक्या, म्हणजे शुल्कातून खर्च निघणे अशक्यच. विद्यापीठ चालले ते वर्गणीवर. कर्वे गावोगाव हिंडत, पावती पुस्तक सोबत ठेवत आणि रुपया-दोन रुपयेही तितक्याच आदराने घेत. हिंगण्याच्या मातृसंस्थेने, म्हणजे आश्रमाने, तर दिवाळीतल्या भाऊबीजेलाच शिक्षणाशी जोडले. ओवाळणी म्हणून बहिणीला द्यायचे, त्यातले थोडे या बहिणींच्या शिक्षणासाठी द्यावे, असे सांगत कार्यकर्ते घरोघर जात. ‘भाऊबीज निधी’ या नावाने ती प्रथा पुण्यात रुजली.

मोठे वळण १९२०मध्ये आले. उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जपानच्या प्रवासात टोकियोचे महिला विद्यापीठ स्वतः पाहिले होते. परतल्यावर त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्क्यांनी तिचे वर्षाचे व्याज ५२,५०० रुपये होत असे. विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव मिळाले.

पण एकाच दात्याच्या आधारावर उभ्या राहणाऱ्या संस्थेला असतो तो धोका इथेही आला. १९२२मध्ये विठ्ठलदास वारले आणि पुढे त्यांच्या विश्वस्तांशी मतभेद होऊन काही काळ व्याज थांबले. विद्यापीठाच्या कायम निधीसाठी कर्वे १९२९मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, जगाच्या दौऱ्यावर निघाले होते. युरोप, अमेरिका, जपान असा तो प्रवास होता. बर्लिनला ते आइनस्टाइन यांना भेटले. त्यानंतर पूर्व आणि दक्षिण आफ्रिका. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांपुढे त्यांनी हिंगण्याच्या मुलींची हकीकत सांगितली आणि मदत मागितली. त्या अडचणीच्या वर्षांत, १९३१पासून, कर्व्यांच्या सूनबाई इरावती कर्वे विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. मतभेद मिटल्यावर १९३६मध्ये विद्यापीठाचे मुख्य कार्यालय मुंबईला आले.

दरम्यान गुजरातमध्येही विद्यापीठाशी जोडलेल्या संस्था वाढल्या. मराठी मुलींसाठी निघालेले विद्यापीठ गुजराती मुलींचेही झाले, कारण मातृभाषेचे तत्त्व दोघींनाही सारखेच उपयोगी होते. प्रवेशाच्या प्रश्नाला कर्व्यांनी दिलेले हे खरे उत्तर. जाहिरात करून किंवा शुल्क पाडून विद्यार्थिनी ओढण्याऐवजी त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: जी मुलगी आज कॉलेजात येऊच शकत नाही, तिला येता यावे म्हणून आपण काय बदलले पाहिजे?

मान्यता मिळाली तेव्हा

स्वातंत्र्यानंतर मुंबई विधिमंडळाने १९४९मध्ये या विद्यापीठासाठी कायदा केला आणि १९५१मध्ये विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला. लेडी प्रेमलीला ठाकरसी या वैधानिक विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. कर्वे तेव्हा ९३ वर्षांचे होते. १९५८मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

आज असे विद्यापीठ काढता येईल का? येणार नाही. १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ नुसार, कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अभिमत विद्यापीठालाच, अथवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच पदवी देता येते. हा नियम निष्कारण नाही. छत्तीसगडने २००२मध्ये केलेल्या कायद्याच्या आधारे थोड्याच काळात शंभराहून अधिक खाजगी विद्यापीठे कागदावर उभी राहिली. त्यांतल्या अनेकांकडे धड इमारतही नव्हती. शिक्षणतज्ज्ञ प्रा. यशपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २००५मध्ये न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या. मुलांच्या आयुष्याशी खेळणाऱ्यांना आवरायला कायदा हवाच.

तरीही एक गोष्ट मनात राहते. जमीन, इमारत, ठेव हे सारे मोजता येते, म्हणून नियम त्यांवर लिहिले जातात. हिंगण्याच्या विद्यापीठाकडे १९१६ साली मोजण्यासारखे काहीच नव्हते. जे होते ते मोजमापाच्या बाहेरचे: सोळा वर्षांची सेवा, मुलींच्या घरच्यांचा विश्वास आणि आपण कोणासाठी शिकवतो याचे स्पष्ट भान. नियम करणाऱ्यांनी ताळेबंद जरूर तपासावा, पण नव्या संस्थेला हेही विचारावे, की तुमच्यावाचून कोणाचे शिक्षण अडले आहे? ज्या संस्थेकडे याचे उत्तर आहे, तिच्या रिकाम्या बाकांकडे थोड्या धीराने पाहावे.

आणि वाचकहो, मुलामुलींसाठी महाविद्यालय निवडताना पदवीला मान्यता आहे ना, हे आधी तपासा. पण तिथेच थांबू नका. तिथले शिक्षक किती वर्षे टिकून आहेत, गरीब घरातली आणि आपल्या भाषेत शिकलेली मुले तिथे रमतात का, हेही विचारा. मान्यतेचा कागद नसताना पाच मुलींच्या घरच्यांनी हिंगण्यावर विश्वास टाकला, तो याच गोष्टी पाहून.