मालमोटार घेतांना : गुण कोणते, अलंकार कोणते ?

सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या आमच्या वाशिम जिल्ह्यांत मालमोटार ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. अकोल्याहून वाशिमवरून हिंगोलीस जाणारा रस्ता होताच. त्यांत समृद्धि महामार्गाची भर पडली. ११ डिसेंबर २०२२ रोजीं त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, आणि तो कारंजा, मंगरूळपीर व मालेगांव या तालुक्यांतून जातो. त्यामुळें शेतीच्या जोडीला वाहतुकीचा धंदा करावा, असें पुष्कळ घरांतील तरुणांस वाटूं लागलें आहे. मोटारीची गोष्ट निघाली कीं तरुण म्हणतो, "घ्यायची तर टॉप मॉडेलच घेऊं, विकतांना पैसे परत येतील." वडीलमंडळी म्हणतात, "सर्वांत स्वस्त असेल ती आणा." आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्धेच बरोबर आहेत.

वामनाचार्यांनीं काव्याचा विचार करतांना गुण व अलंकार यांत भेद केला आहे. गुण शोभा निर्माण करतात. अलंकार असलेली शोभा वाढवितात. हाच विवेक येथेंही उपयोगी पडतो. इंजिनाची शक्ति, भार वाहण्याची मान्य क्षमता, हौद्याची लांबी, टायर हे मोटारीचे गुण होत. चकाकणाऱ्या पट्ट्या, रंगीत जाळी, गाण्यांचा मोठा पडदा हे अलंकार.

आतां थोडें गणित करूं. विम्यासाठीं मोटारीची किंमत ठरवितांना सामान्यतः पहिल्या वर्षाअखेर १५ टक्के, दुसऱ्या २०, तिसऱ्या ३०, चौथ्या ४० व पांचव्या वर्षाअखेर ५० टक्के घट धरतात. समजा, अलंकारांपायीं ८०,००० रुपये अधिक पडले व ते कर्जाऊ काढले. द. सा. द. शे. १० दरानें पांच वर्षें मासिक हप्ते भरल्यास सुमारें १,०२,००० रुपये जातात. कोष्टकाप्रमाणें उरतात ४०,०००. तेही कागदावरच, कारण जुनी मोटार घेणारा मनुष्य इंजिनाचा आवाज ऐकतो, चासी व टायर पाहतो; पट्ट्यांचे पैसे तो क्वचितच देतो. शिवाय बाजारभाव आपल्या हातीं नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालमोटारींवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. नवी मोटार स्वस्त झाली, कीं जुनीचा भाव उतरणें ओघानेंच येतें. पुनर्विक्रीच्या भरंवशावर शेत गहाण टाकूं नये तें याचसाठीं.

परंतु वडीलमंडळींनींही एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. चालविणाऱ्याच्या देहाचें रक्षण करणारी वस्तु अलंकारांत मोडत नाहीं. एकूण वजन साडेतीन टनांहून अधिक असलेल्या व १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींच्या केबिनमध्यें सरकारनें वातानुकूलन सक्तीचें केलें आहे. त्याहून लहान पिकअपला ही सक्ति नाहीं. तेथें निवड घरावरच येते. वऱ्हाडांतील मे महिन्याचें ऊन आपणांस ठाऊक आहे, आणि चाकावर बसणारा बहुधा घरचाच मुलगा असतो. पॉवर स्टिअरिंग, चांगली बैठक, उत्तम दिवे व शक्य तर वातानुकूलन यांचा खर्च विकतांना परत येवो वा न येवो, तो करावाच.

पुनर्विक्रीची खरी किंमत राखतात ते सुटे भाग व कागद. ज्या मोटारीचे भाग व कारागीर वाशिम-अकोल्यास सहज मिळतात, तीच निवडावी. सर्व्हिसच्या पावत्या जपाव्या. योग्यता प्रमाणपत्र पहिलीं आठ वर्षें दर दोन वर्षांनीं, पुढें दरवर्षीं घ्यावें लागतें. तें चुकवूं नये. कर्ज फिटतांच नमुना ३५ नें बोजा उतरवावा, व विक्री होतांच नमुना २९ व ३० भरून नांव बदलून घ्यावें. नोंदणी जुन्या मालकाच्या नांवें राहिल्यास अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे.

शोरूममध्यें पाऊल टाकण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून प्रत्येक वाढीव वस्तूपुढें दोन प्रश्न लिहावे : हिनें भाड्याचें उत्पन्न वाढेल काय ? हिनें चालविणारा सुखरूप राहील काय ? दोहोंचें उत्तर नकारार्थी आल्यास ती रक्कम पुढील वर्षाच्या विम्यासाठीं व टायरांसाठीं बाजूस ठेवावी.