गरम झऱ्यातला जीवाणू आणि आपली चाचणी

करोनाच्या काळात नाकातला स्राव तपासायला दिला, की ‘आरटी-पीसीआर’चा अहवाल येईपर्यंत घरात कुणाला चैन पडत नसे. ही चाचणी शक्य झाली ती एका जीवाणूमुळे. तो शोधणारे प्राध्यापक मात्र कुठल्याही आजारावर संशोधन करत नव्हते.

थॉमस ब्रॉक हे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक होते. १९६४ मध्ये ते यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेले. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांत त्यांना सूक्ष्मजीवांचे रंगीत थर दिसले. पाणी किती तापेपर्यंत त्यात जीव तगू शकतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. १९६६ मध्ये ते आणि पदवीचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना ‘मशरूम स्प्रिंग’ या झऱ्यातल्या नमुन्यात सुमारे ७० अंश सेल्सिअसला जोमाने वाढणारा जीवाणू सापडला. १९६९ मध्ये त्यांनी त्याचे ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ असे नामकरण केले. हा जीवाणू त्यांनी स्वतःपाशी ठेवला नाही. इतर संशोधकांनाही मिळावा म्हणून तो सूक्ष्मजीवांच्या संग्रहालयात जमा केला.

पुढे १९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. यात डीएनए सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवून त्याचे दोन धागे सुटे करतात. मग तापमान उतरवले, की एक विकर (एन्झाइम) प्रत्येक धाग्याची जोडी तयार करते. दर फेरीला प्रती दुप्पट होतात. अशा ३० फेऱ्यांत एका रेणूपासून शंभर कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात. त्यामुळे नमुन्यात विषाणूचा अंश अगदी थोडा असला तरी सापडतो. करोनाचा विषाणू आरएनएचा असल्याने आधी त्याचे डीएनएत रूपांतर करावे लागते, इतकेच.

अडचण एकच होती. सुरुवातीला वापरलेले विकर दर वेळी उष्णतेने निकामी होई आणि प्रत्येक फेरीत ते नव्याने घालावे लागे. थर्मसचे विकर मात्र ही उष्णता सोसते. त्यामुळे सगळी प्रक्रिया यंत्रावर सोपवता आली. आज क्षयरोगाच्या निदानापासून गुन्ह्यांच्या तपासापर्यंत पीसीआर वापरले जाते.

म्युलिस यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ब्रॉक यांचे निधन ४ एप्रिल २०२१ रोजी झाले. तेव्हा महाराष्ट्र दुसऱ्या लाटेशी झुंजत होता आणि चाचणी केंद्रांबाहेर रांगा लागत होत्या.

‘या संशोधनाचा उपयोग काय?’ असा प्रश्न आपल्याकडे सहज विचारला जातो. त्याचे उत्तर मिळायला कधी कधी वीस वर्षे लागतात.