हमसचा रंग आणि पाण्याचं गणित

मेन्यूकार्डावर गुलाबी, केशरी आणि लाल हमसच्या वाट्या शेजारी शेजारी दिसल्या की दोन तऱ्हेची माणसं बोलू लागतात. एक म्हणतात, हे कसलं हमस, फोटोसाठी केलेले चाळे! दुसरे म्हणतात, त्यात काय एवढं, छोले शिजवायचे, बीट टाकायचं, मिक्सर फिरवायचा. पहिल्यांचा इतिहास कच्चा आहे. दुसऱ्यांचं ऐकून केलेलं हमस पातळ, रवाळ आणि मळकट रंगाचं निघतं.

‘भाज्यांचं हमस म्हणजे अलीकडचं फॅड’

हमस हा लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन, जॉर्डन, इस्रायल या पट्ट्यातला पदार्थ. त्याच्या मालकीवरून तिथे मोठा वाद आहे. २०१० साली लेबनॉनमधल्या आचाऱ्यांनी १०,४५२ किलो हमस एका ताटात मांडून विक्रम केला. आकडा मुद्दाम निवडलेला होता, कारण लेबनॉनचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर आहे. इतक्या अस्मितेच्या पदार्थात बीट घातलं की कपाळाला आठ्या पडणारच.

पण तेराव्या शतकातल्या अरबी पाकपुस्तकांत कुटलेल्या चण्यांचे जे प्रकार आहेत, त्यांत व्हिनेगर, मसाले, सुकामेवा आणि हिरवा पाला सापडतो. चणे, ताहिनी (वाटलेल्या तिळांचा सैल लगदा), लिंबू आणि लसूण ही आज अस्सल मानली जाणारी चौकडी पुढे स्थिरावली. शिवाय भाजी भाजून ताहिनीत घोटण्याची रीत तिथलीच. भाजलेल्या वांग्याचं मुतब्बल सर्वांना ठाऊक असतं, पण बिटाचंही मुतब्बल होतं आणि ते चांगलं गडद गुलाबी असतं. सीरियातल्या अलेप्पो शहराची मुहम्मरा म्हणजे लाल मिरची, अक्रोड आणि आटवलेला डाळिंबाचा रस. तेव्हा रंग आणि भाजी परकी नाही. फक्त चणे नसलेल्या पदार्थाला तिथे हमस म्हणत नाहीत. माझंही तेच मत आहे. नुसत्या बिटाच्या चटणीला हमस म्हणू नये, बाकी हवे ते रंग खेळावेत.

‘छोले वाटले की झालं’

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीनं होतं. योतम ओटोलेंगी आणि सामी तमिमी हे दोघे जेरुसलेममध्ये वाढलेले, एक ज्यू वस्तीत, दुसरा अरब वस्तीत. त्यांच्या २०१२ सालच्या ‘जेरुसलेम’ या पुस्तकात हमसचं प्रमाण आहे : सुके चणे २५० ग्रॅम, ताहिनी २७० ग्रॅम. आपल्याकडच्या पाककृतींत मात्र ‘दोन चमचे तीळ, नसल्यास वगळा’ असं लिहिलेलं असतं. मग जे होतं ती छोल्यांची चटणी. तिच्यात भाजी घातली की उरलीसुरली चवही पातळ होते. ताहिनी अगदी चण्यांइतकी नको वाटत असेल तर निम्मी घ्या, त्याखाली जाऊ नका.

ताहिनी घरी होते. पॉलिशचे पांढरे तीळ घ्यायचे. सालासकट तिळांची ताहिनी कडसर होते. लाडवासाठी भाजतो तितके खमंग भाजायचे नाहीत. हाताला चांगले गरम लागले, एखाददुसरा तडतडला की उतरवायचे. गार झाल्यावर चटणीच्या भांड्यात थांबत थांबत फिरवायचे. आधी कूट होईल, मग गोळा होईल, मग कडेनं तेल सुटू लागेल. मिक्सर गरम झाला की विश्रांती द्यायची. अगदीच फिरेना तर चमचाभर वास नसलेलं तेल घालायचं.

पुढची पायरी नीट बघण्यासारखी आहे. वाटीत सैल, वाहती ताहिनी घ्या आणि तिच्यात लिंबू पिळा. पातळ व्हायच्या ऐवजी ती आवळते, चमचा फिरेनासा होतो, रंगही काळवंडतो. इथे पुष्कळ जण ‘फाटली’ म्हणून हात टेकतात. ताहिनी म्हणजे तेलात तरंगणारे तिळाचे कोरडे कण. थोडंसं पाणी मिळालं की हे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. अजून पाणी मिळालं की सुटे होतात आणि तेल पाण्यात बारीक थेंबांनी पसरतं. म्हणून न घाबरता चमच्याचमच्यानं बर्फाचं पाणी घालत घोटत राहा. चार-पाच चमच्यांनंतर तोच गोळा पांढरा, हलका आणि मऊ होतो. हमसचा मऊपणा मुख्यतः इथून येतो, चण्यांतून नव्हे.

लसूण याच लिंबात घालायची. ठेचल्यावर लसणीत जो झणझणीतपणा तयार होतो, त्याला कारण असलेलं विकर आंबट रसात मंदावतं. लिंबाच्या रसातच लसूण वाटून दहा मिनिटं ठेवली, गाळून नुसता रस घेतला, तर स्वाद येतो आणि दुसऱ्या दिवशी तोंडाला उग्र वास राहत नाही.

‘मीठ घातलं की चणे शिजत नाहीत, आणि साल काढल्याशिवाय गत्यंतर नाही’

भिजवताना मीठ घातलं तर चणे उलट लवकर मऊ होतात. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट बांधून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि ही बांधणी सैल पडते. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रार गावोगाव ऐकू येते. तिथेही हेच कॅल्शियम-मॅग्नेशियम आडवं येतं. खरा विरोध आंबटाचा असतो. लिंबू, चिंच, टोमॅटो हे सगळं चणे शिजल्यावर.

साल काढत बसणं हा ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न. खायचा सोडा ते काम करतो. रात्रभर भिजवलेले चणे निथळून २५० ग्रॅमला (सुक्या वजनावर) एक छोटा चमचा सोडा लावायचा, कढईत तीनेक मिनिटं परतायचे आणि मग पाणी घालून शिजवायचे. फेस आणि सुटलेली सालं झाऱ्यानं काढून टाकायची. कुकर वापरणार असाल तर आधी हा फेस काढा, नाहीतर तो शिट्टीत जातो. चणा उसळीसारखा अख्खा राहता कामा नये. दोन बोटांत धरल्यावर त्याचं पीठ व्हायला हवं. एवढ्या चण्यांचे शिजून साधारण ६०० ग्रॅम होतात. सोड्यानं ब जीवनसत्त्वांतलं थायमिन काही प्रमाणात नष्ट होतं हे खरं आहे. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, हेही खरं.

आणि मोठ्या दाण्याचा डॉलर चणा घ्यायचा आग्रह नको. जिथला हा पदार्थ आहे तिथे हमसला बारीक दाणाच पसंत करतात.

‘भाज्या उकडल्या काय, भाजल्या काय’

लाल भोपळ्यात आणि सिमला मिरचीत वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. बिटात, गाजरात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के. रताळं त्या मानानं कोरडं, सुमारे सत्त्याहत्तर टक्के. हे पाणी तसंच मिक्सरमध्ये गेलं की हमस ओघळतं. मग घट्ट करायला कुणी ब्रेड घालतं, कुणी डाळवं, आणि चव बिघडत जाते. भाजण्याचा पहिला उपयोग पाणी घालवणं हा आहे. दुसरा चवीचा : भाजीत ओल आहे तोवर तापमान १०० अंशांच्या पुढे फारसं जात नाही, आणि खमंगपणा आणणारी प्रक्रिया जोर धरते १४० अंशांच्या आसपास. म्हणून उकडलेल्या भोपळ्याला तो स्वाद कधीच येत नाही.

भोपळा, गाजर, रताळं यांच्या जाड फोडी करा, तेलाचा हात लावा आणि ओटीजीत २०० अंशांवर कडा तपकिरी होईपर्यंत भाजा. ट्रेमध्ये फोडींची गर्दी झाली तर त्या आपल्याच वाफेवर उकडतात. दोन खेपा कराव्या लागल्या तरी चालेल. एअर फ्रायर या कामाला उत्तम आहे. लाल सिमला मिरचीला तर काहीच नको. भरताच्या वांग्यासारखी ती थेट गॅसच्या ज्योतीवर धरा, साल पूर्ण काळी होऊ द्या, झाकून ठेवा, मग बोटांनी साल ओढून काढा. नळाखाली धुऊ नका, सगळा धुरकट स्वाद मोरीत जातो. सोललेली मिरची चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा. खाली वाटीत जो लालसर रस जमतो तोच नेमका नको असतो.

बीट मात्र सोलू नका, चिरू नका. सालासकट, देठाचा बोटभर तुकडा ठेवून, फॉइलमध्ये गुंडाळून तासभर भाजा. कुकरमध्ये अख्खं उकडलंत तरी मी आक्षेप घेणार नाही, कारण साल शाबूत असलं की ते फारसं पाणी पीत नाही. फोडी करून उकडणं तेवढं चुकीचं. सगळा रंग पाण्यात उतरतो.

६०० ग्रॅम शिजलेल्या चण्यांना भाजलेली भाजी २०० ते २५० ग्रॅम पुरते. जास्त भाजी म्हणजे जास्त रंग, हा हिशोब चुकतो. त्यानं पोत जातो.

‘कुठलीही रंगीत भाजी चालते’

गाजर, भोपळा, लाल मिरची यांचे रंग तेलात विरघळणारे आणि चिवट. लिंबानं किंवा उष्णतेनं ते सहसा बदलत नाहीत आणि ताहिनीच्या तेलात छान पसरतात. सुरुवात यांच्यापासून करावी.

बिटाचा रंग वेगळा. तो आंबटात खुलतो आणि क्षारात बिघडतो. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तसाच हा आम्ल-क्षारांचा खेळ आहे. चण्यांत सोडा उरला असेल तर गुलाबी रंग आधी जांभळट आणि मग मळकट पिवळट होऊ शकतो. म्हणून चणे नीट धुवा आणि बीट घालण्याआधी लिंबू घाला. फार वेळ तापवल्यानंही हा रंग तपकिरीकडे झुकतो. आणि बीट खाल्ल्यावर काही जणांची लघवी लालसर होते, ती निरुपद्रवी असते.

जांभळ्या कोबीच्या नादाला लागू नये. लिंबाच्या पाण्यात तो सुंदर गुलाबी दिसतो, पण चणे-ताहिनीत मिसळला की सिमेंटसारखा करडा होतो. हिरवा रंग तर भाजून मिळतच नाही. उष्णता आणि आंबट मिळून हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम बाहेर काढतात आणि हिरव्याचं शेवाळी होतं. हिरवं हमस हवं असेल तर तयार हमसमध्ये कच्ची कोथिंबीर-पार्सली शेवटी वाटून घाला आणि त्याच दिवशी संपवा.

‘वर तेल ओतलं की टिकतं’

हा लोणच्यावरून आलेला समज. लोणचं टिकतं ते मिठानं आणि आंबटानं. तेल फक्त हवा अडवतं. हमसमध्ये मीठ चवीपुरतं आणि पाणी भरपूर. लसूण किंवा भाजलेली भाजी तेलाखाली बुडवून बाहेरच ठेवली तर ऑक्सिजन नसलेल्या जागेत वाढणाऱ्या बोट्युलिझमच्या जिवाणूला आयतं घर मिळतं. हमस फ्रिजमध्ये आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. ऑलिव्ह तेल तिथल्या रीतीप्रमाणे वाढताना वरून घाला. मिक्सरमध्ये जोरात फिरवलं तर चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन तेल कडवट होऊ शकतं.

‘डाएटचं आहे, कितीही खा’

चण्यांत प्रथिनं आणि चोथा भरपूर, यात वाद नाही. पण तिळाचं निम्मं वजन तेलाचं असतं आणि १०० ग्रॅम ताहिनीत सुमारे ६०० कॅलरी असतात. भाजीमुळे वाटीमागे कॅलरी थोड्या उतरतात, इतकंच. सोबत गाजर-काकडीच्या फोडी घेतल्या तर हिशोब एक होतो, तळलेले पिटा चिप्स घेतले तर दुसरा.

पाहुण्यांना वाढण्यापूर्वी मात्र तिळाची ॲलर्जी विचारून घ्या. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा प्रमुख ॲलर्जीकारकांत नववा धरला जातो आणि वेष्टनावर तो लिहावाच लागतो. घरच्या वाटीवर तसं लेबल नसतं, आणि बिटाच्या गुलाबी रंगाखाली ताहिनी आहे हे बघून कळत नाही.